पालथी पॅनलं

१. वऱ्हाड गेलं, नवरदेव राहिला

चोरानं पॅनलांना हात लावला नाही असं म्हणावं, तर तेही खोटं. हात लावला होता. चारही पॅनलं उचलून गच्चीच्या कोपऱ्यात पालथी घातली होती, काच खाली आणि पाठ वर. आणि काचेला चरा पडू नये म्हणून प्रत्येकाखाली जुनी चादर अंथरली होती. बाकी सगळं गायब. पॅनलं ज्यांवर बसतात त्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या नाहीत, क्लॅम्प नाहीत, नटबोल्ट नाहीत, केबल नाही. जिन्यातल्या भिंतीवरचा इन्व्हर्टर नाही. गच्चीत रोवलेले लोखंडी पाय तेवढे उरले होते, कार्य आटपल्यावर मांडवाचे खांब उरावेत तसे.

थोरली कमरेवर हात ठेवून बघत राहिली. तिला सगळे थोरलीच म्हणत. खरं नाव आधारकार्डावर होतं आणि तिथंच बरं होतं. नवरा गेल्यापासून छोट्या घरांवर सोलर बसवायचा धंदा ती चालवत होती. म्हणजे तिच्या मते ती, आणि मुलाच्या मते मुलगा. शाळा तिनं तिसरीत सोडली, पण नवऱ्याच्या मागं इतक्या गच्च्या चढली होती की नुसत्या हातानं हलवून कुठला बोल्ट सैल आहे ते सांगायची.

नवऱ्याचं एक ठरलेलं बोलणं होतं. पॅनल म्हणजे नवरदेव. लोक त्याच्याकडं बघतात, त्याचा भाव विचारतात. पण खर्च खातं ते वऱ्हाड: पट्ट्या, केबल, खटके, अर्थिंगचा खड्डा, सरकारी कागद, तपासणीसाठी मारलेले हेलपाटे, वर चढणारी माणसं. नवरदेव दिवसेंदिवस स्वस्त होत गेला, वऱ्हाडाचं जेवण काही स्वस्त झालं नाही.

आणि हा चोर बघा. नवरदेवाला गादीवर निजवून वऱ्हाड घेऊन गेला.

"चोर बाहेरचा नाही," मुलगा म्हणाला. तो जिन्याच्या तोंडाशी उभा होता, बुटांना धूळ लागू नये म्हणून. त्यानं पॅनलांच्या पाठीवरच्या लोंबत्या तारा दाखवल्या. कापलेली एकही नव्हती. प्रत्येक जोड नीट सोडवलेला. तो जोड हातानं सुटत नाही; त्याला प्लॅस्टिकची दोन दातांची किल्ली लागते. भुरटा चोर कातरीनं तार कापतो आणि पळतो. किल्ली असते ती फिटरकडं.

त्यांच्याकडं फिटर तीन. दोघांच्या किल्ल्या खिशात निघाल्या. तिसऱ्याची हरवली होती, आणि तो तिसरा म्हणजे भाचा.

हा भाचा म्हणजे थोरलीच्या नणंदेचा मुलगा. नणंद गेली तेव्हा तो एवढासा होता. थोरलीच्या ताटात जेवून वाढला. आता त्याच्या मिशीत एक पांढरा केस होता. मुलानं बाकीच्या कामगारांसमोर त्याला सांगितलं की संध्याकाळपर्यंत गोदामाच्या चाव्या टेबलावर ठेव आणि उद्यापासून येऊ नकोस.

थोरली भाच्याकडं बघत राहिली, तो काही बोलेल म्हणून. गच्चीवर पडलेला एकुलता एक वॉशर त्यानं उचलला, शर्टाला पुसला आणि खिशात टाकला.

२. दोन खाटा

घर सिस्टरचं होतं. निवृत्त नर्स, एकटी. नवरा केव्हाच गेलेला, मुलगा समुद्रापलीकडं. थोरलीची आणि तिची ओळख जुनी आणि न विसरण्यासारखी: थोरलीचा नवरा शेवटचं वर्ष वॉर्डात अंथरुणाला खिळला होता तेव्हा सिस्टर त्या वॉर्डात होती. नवरा आडदांड गडी. त्याला कुशीवर वळवायला दोन वॉर्डबॉय लागायचे, आणि ते चहाला गेलेले असायचे. सिस्टर एकटी यायची, काय करायची कोण जाणे, आणि तो गडी मुकाट्यानं कूस बदलायचा.

म्हणून सिस्टरच्या मुलानं आईच्या घरावर सोलर बसवायचं ठरवलं, तेव्हा काम थोरलीकडं आलं. चार पॅनलांचं. थोरलीच्या मुलाच्या भाषेत, तोट्याचं. कागद तेवढेच, तपासणी तेवढीच, शिडी तेवढीच उंच. चाळीस पॅनलांच्या गोदामाला जे करायचं तेच चार पॅनलांना करायचं. थोरली म्हणाली होती, ते काम मी घेतलंय, तू गप बस.

सिस्टरनं पाणी दिलं. दोन खोल्यांचं घर, इतकं स्वच्छ की थोरलीला आपल्या चपलांची लाज वाटली. आतल्या खोलीत दोन खाटा. खिडकीजवळची सिस्टरची, चादर अशी ताणलेली की नाणं टाकलं तर उडावं, कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली खोचलेले. दुसरी तिच्या मुलाची. तो कधीतरी येतो म्हणून अंथरलेली. थोरली तिच्यावर टेकायला गेली तेव्हा सिस्टर पटकन म्हणाली, "तिथं नको. इकडं बसा, इकडं वारा येतो."

दोन खाटांच्या मध्ये स्टुलावर मोबाईल होता, विणलेल्या रुमालावर ठेवलेला, कुणी देव ठेवावा तसा.

थोरलीनं विचारलं, चोर दिसला का. सिस्टर म्हणाली, चोर नाही दिसला मला. काही आवाज? नाही. कुणी येऊन गेलं? यावर सिस्टर जरा हसली आणि म्हणाली, "माझ्याकडं कोण येतं हो."

मग दुकानाला वर्दी कुणी दिली? सिस्टरनं दिली नव्हती. दिली तिच्या मुलानं, दुकानात फोन करून. इन्व्हर्टरला एक बोटभर काडी असते, सिग्नलची. तिच्यामुळं घरात किती वीज झाली, किती जळली, ते जगात कुठंही बसून मोबाईलवर दिसतं. ही काडी थोरलीच्या मुलाची आवडती. पूर्वी नवरा प्रत्येक छोट्या घरी वर्षातून दोनदा चक्कर मारायचा, पॅनलं पुसायचा, बोल्ट आवळायचा, गप्पा मारायचा. मुलानं हिशोब मांडला की त्या चकरा फार महागात जातात. काडी लावा, इथूनच सगळं दिसेल. चकरा बंद झाल्या. सिस्टरच्या मुलाला त्याच्या मोबाईलवर आईच्या घराची वीज शून्य दिसली, म्हणून त्यानं दुकान गाठलं. दुकानात नेमकं एका गिऱ्हाइकाच्या गोदामाचं मोठं काम चालू होतं. चार-पाच दिवस कुणाला सवड झाली नाही. शेवटी भाचा बघायला गेला तेव्हा हे असं.

"त्याचा परत फोन आला होता का?" सिस्टरनं विचारलं. "दुकानात?"

थोरली म्हणाली, सकाळीच आला होता.

"बरा होता ना आवाज? सर्दी वगैरे?"

थोरलीनं पेला खाली ठेवला. जाता जाता जिन्यात थांबून तिनं इन्व्हर्टरची रिकामी जागा निरखली. भिंतीतून आलेल्या तारांची टोकं उघडी नव्हती. पांढऱ्या चिकटपट्टीनं गुंडाळली होती, आणि पट्टीचं शेवटचं टोक जरासं दुमडून ठेवलं होतं, पुन्हा काढताना नखाला सापडावं म्हणून.

फिटर काळी पट्टी वापरतात. आणि टोक दुमडायची अक्कल एकालाही नाही, हे थोरली रोज ओरडून सांगत असे.

३. ज्याला तांबं नको तो चोर

भंगारवाल्याचं दुकान रस्त्याच्या वळणावर. गावातलं चोरीचं तांबं फिरून फिरून त्याच्या काट्यावर येतं, हे त्याला आणि पोलिसांना दोघांनाही ठाऊक. थोरली त्याच्यासमोर पत्र्याच्या डब्यावर बसली आणि म्हणाली की खोटं बोललास तर तुझ्या काट्यात किती चुंबकं आहेत ते मी चौकात सांगेन.

तो शपथेवर म्हणाला की केबल आली नाही, पट्ट्याही नाहीत. मग डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, हा चोर धंद्यातला नाही. अर्थिंगची तांब्याची जाड पट्टी त्यानं जागेवर ठेवली म्हणता ना? जे विकलं जातं ते सोडलं, आणि क्लॅम्प नेले. क्लॅम्प कुणी चोरतं का? ते तर मीसुद्धा घेत नाही."

थोरलीनं हे पदरात बांधलं आणि सिस्टरच्या शेजाऱ्याकडं गेली.

शेजाऱ्याचं सिस्टरशी भांडण होतं, हे गल्लीभर माहीत. पॅनलांची तिरीप दुपारी त्याच्या झोपायच्या खोलीत जायची. त्यानं दोनदा अर्ज केला होता. थोरलीनं विचारायच्या आतच तो म्हणाला, मी काढलं असतं तर काच फोडून काढलं असतं, आणि लपवलं नसतं. त्याचा चेहरा बघून थोरलीला ते पटलं.

हा माणूस दिवसभर दारात खुर्ची टाकून बसलेला असतो. पाय दुखतात, टीव्हीचा कंटाळा येतो, आणि गल्लीचं बरंवाईट कुणीतरी बघायला हवं. गल्लीला तोंड एकच. त्यानं त्या सगळ्या दिवसांत सिस्टरच्या दारातून काय काय बाहेर आलं ते सांगितलं: सिस्टर, भाजीची पिशवी, पुन्हा सिस्टर. टेम्पो नाही, हातगाडी नाही, खांद्यावर पट्ट्या घेतलेला माणूस नाही. रात्री? रात्री गल्लीच्या फाटकाला तो स्वतः कुलूप लावतो, किल्ली उशाखाली.

"माणूसभर लांब पट्ट्या काय पिशवीतून जातात?" थोरलीनं विचारलं.

"तेच तर मी म्हणतोय. पण माझं ऐकतं कोण."

तो अजून बोलत राहिला, कारण त्याचंही कुणी ऐकत नसे. सिस्टरबद्दल त्याची आणखी एक तक्रार होती, जुनी. रविवारी सकाळी ती गच्चीवर उभी राहून फोनवर मुलाशी मोठमोठ्यानं बोलायची. जेवलास का, झोपलास का, स्वेटर घाल. अख्ख्या गल्लीला त्या पोराचं पोट कधी बिघडलं ते ठाऊक.

"आणि आता?"

"आता बरेच महिने झाले, शांत आहे," तो म्हणाला. आणि त्यालाच काय वाटलं कोण जाणे, तक्रार केल्यासारखं म्हणाला, "फारच शांत आहे."

४. वाटीतला फ्यूज

दुपारी थोरली गोदामात गेली. भाचा चाव्यांचा जुडगा पुसून टेबलावर ठेवत होता. मामीला बघून त्यानं जुडगा पुन्हा हातात घेतला.

तिनं त्याला खाली बसवलं आणि विचारलं, किल्ली कुठं हरवली. तो म्हणाला, सिस्टरच्या घरी, मागच्या खेपेला. मागच्या म्हणजे? तेव्हा कळलं की तो याआधी दोनदा तिथं जाऊन आला होता. दोन्ही वेळा सिस्टरच्या मुलाचा दुकानात फोन, वीज शून्य दिसते. दोन्ही चकरा छोट्या साहेबांनी, म्हणजे थोरलीच्या मुलानं, भाच्याच्या नावावर मांडल्या: काम कच्चं, म्हणून फुकटचा हेलपाटा.

"काय बिघडलं होतं?"

भाचा गप्प. थोरली म्हणाली, तुझी आई अशीच गप्प बसायची आणि आम्हाला दिवसभर अंदाज करायला लावायची. मला आता वेळ नाही.

मग तो बोलला. पहिल्या खेपेला काहीच बिघडलं नव्हतं. जिन्यातला खटका खाली पाडलेला होता. त्यानं वर केला, दोन मिनिटांत निघाला. दुसऱ्या खेपेला फ्यूज जागेवर नव्हता. तो सापडला फळीवर, वाटीत. वाटीत कापूस, कापसावर फ्यूज. त्यानं तो बसवला, सिस्टरनं दिलेला चहा प्यायला आणि आला.

"माझ्या मुलाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू मामी? म्हातारं माणूस. हात लागला असेल, विसरल्या असतील. दादा म्हणाले असते, मग बिल त्यांना लावा." त्यानं चाव्या या हातातून त्या हातात घेतल्या. "दोन्ही वेळा त्यांनी एकच विचारलं. मी दारात पाय ठेवला की म्हणायच्या, त्याचा फोन आला म्हणून आलास ना? मी म्हणायचो, हो, दुकानात आला. मग त्या आत निघून जायच्या."

"आणि पॅनलं पालथी घालायचं तुला कुणी शिकवलं?"

भाच्याला हसू आलं. मामांनी. ऊन बंद करता येत नाही, खटका पाडला तरी पॅनल आपलं काम करतच राहतं; म्हणून जोड सोडवायच्या आधी त्याला पालथं घालायचं, मग वीज झोपते. बसवायच्या दिवशी सिस्टर स्टूल टाकून गच्चीवर बसली होती. एकेक गोष्ट विचारत होती, हे कशाला, ते कशाला. तिलाही त्यानं हेच सांगितलं होतं.

थोरली उठली. तिच्या डोळ्यांपुढं एकाएकी वॉर्ड उभा राहिला. आडदांड नवरा, पलंगाच्या एका बाजूला एकटी सिस्टर. त्याच्या अंगाखाली घडी घातलेली एक चादर. सिस्टर माणसाला ओढत नव्हती. चादर ओढत होती.

"चाव्या खिशात ठेव," ती म्हणाली. "टेबलावर ठेवल्यास तर हात मोडीन."

५. लोंबती चादर

ती पुन्हा सिस्टरच्या दारात गेली तेव्हा भाच्याला तिनं गल्लीच्या तोंडाशी टेम्पोत बसवून ठेवलं. आपल्या मुलाला बोलावलं नाही. काही गोष्टी साहेब लोकांसमोर उघडायच्या नसतात.

सिस्टर दार उघडून आत वळली. थोरली सरळ आतल्या खोलीत गेली. खिडकीजवळची खाट तशीच, कोपरे खोचलेले. दुसऱ्या खाटेची चादर मात्र चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबत होती. जिनं आयुष्यभर लोंबती चादर बघितली की वॉर्डबॉयला धारेवर धरलं, तिच्या स्वतःच्या घरात.

"तिथं नको," सिस्टर म्हणाली.

थोरली तिथंच बसली. बसताना तिनं टाच मागं घेतली. टाच कशावर तरी आपटली आणि खाटेखालून ॲल्युमिनियमचा आवाज झाला, लांब, पोकळ.

मोबाईल रुमालावर पडला होता.

मग थोरलीनं एकेक उलगडलं; आवाज चढवला नाही, जे तिला फार जड गेलं. फाटकातून काही बाहेर गेलं नाही, म्हणजे सामान घरातच. तांबं सोडलं, म्हणजे विकायचं नव्हतं. जोड किल्लीनं सोडवले, आणि किल्ली हरवली ती याच घरात. पालथं घातलं की वीज झोपते, हे फिटरांखेरीज ऐकलं होतं ते स्टुलावर बसलेल्या एका बाईनं. तारांच्या टोकांना जखमेची पट्टी, टोक दुमडून. वाटीत कापसावर फ्यूज. "आणि पॅनल दोन गड्यांना उचलतं, सिस्टर. एकट्या माणसाला ते चादरीवर घेऊन सरकवता येतं. हे मी एकाच माणसाला करताना बघितलंय. माझ्या नवऱ्याला तुम्ही असंच वळवायचात."

"भारी होते ते," सिस्टर हळूच म्हणाली. "पॅनलं हलकी आहेत."

"का केलंत?"

सिस्टरनं लोंबत्या चादरीचं एक टोक हातात घेतलं आणि दुमडायला लागली.

दर रविवारी फोन यायचा, ती म्हणाली. एरवीही मध्येच यायचा. आई, उठलीस का, बरी आहेस का. मग सोलर बसलं. एका रविवारी तो म्हणाला, आई, आता मला इथं सगळं दिसतं गं. सहाला तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा लागतो, म्हणजे तू उठलीस. दुपारी पंखा चालतो, म्हणजे झोपलीस. आता काळजी नाही. त्यानंतर फोन कमी झाले, मग थांबले. रागावला नाही, भांडला नाही. त्याला सगळं दिसत होतं, मग विचारायचं काय राहिलं?

"म्हणून खटका पाडला. म्हटलं, आता तरी विचारेल, आई काय झालं. त्यानं दुकानात फोन केला." सिस्टरनं घडी सोडली, पुन्हा घातली. "फ्यूज काढला. दुकानात फोन केला. या खेपेला पुन्हा खटका पाडला, तर कुणीच आलं नाही. मी म्हटलं, मग सगळंच उतरवू. रोज थोडं थोडं. काम तरी होतं हाताला. एवढं सगळं उतरलं तर तो मला विचारेल."

"विचारलं?"

सिस्टरनं मोबाईलकडं बघितलं.

थोरलीला बरंच काही बोलायचं होतं आणि त्यातलं एकही गोड नव्हतं. तिनं निम्मं गिळलं. "तुमच्या एका फोनापायी माझ्या भाच्याची भाकर चालली होती. चोर ठरवलाय त्याला, चार माणसांत."

सिस्टरचा हात थांबला. तिला हे माहीत नव्हतं, हे दिसत होतं. ती उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, त्याला बोलवा, मी त्याच्यासमोर सांगते, तुमच्या मुलासमोरही सांगते.

थोरली म्हणाली, आधी खाटेखालचं सामान काढू, मग शरमेचं बघू.

६. काडी

भाच्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि सिस्टरला एवढंच म्हणाला की क्लॅम्प तुम्ही नीट पिशवीत ठेवलेत, आमच्या पोरांनी हरवले असते. सिस्टरनं उशीखालून त्याची किल्ली काढून दिली. ती तिनं साबणानं धुतली होती.

तो आणि गोदामातून बोलावलेला दुसरा फिटर वर कामाला लागले. थोरली जिन्यात उभी राहिली. इन्व्हर्टर भिंतीवर चढला, तारा जोडल्या गेल्या. शेवटी भाच्यानं काडी लावायला हात पुढं केला. थोरलीनं ती त्याच्या हातातून घेतली. बोटभर वस्तू. सगळ्या वऱ्हाडात सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात महाग पडलेली. तिनं ती बटव्यात टाकली.

मग तिनं समुद्रापलीकडं फोन लावला. सांगितलं की सामान सापडलं, चोरी नव्हती, वीज आज सुरू होईल. तो आभार मानायला लागला, चांगलं वळण लावलेला पोरगा होता. थोरली म्हणाली की फक्त ती सिग्नलची काडी बसवत नाही आहोत.

तो गोंधळला. काडी नसली तर इथं काही दिसणार नाही. आई ठीक आहे की नाही हे कळणार कसं?

"आईचा नंबर देऊ का तुम्हाला?" थोरली म्हणाली.

तिनं आणखी काही सांगितलं नाही. खाटेखालचं तिनं सांगितलं नाही. ते आईनं सांगायचं की नाही, आईनं ठरवावं.

सिस्टर आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. मोबाईल समोर. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. वर पान्ह्यांचा आवाज होत होता. मोबाईल वाजला नाही. दुसऱ्या फिटरनं येऊन सांगितलं की तीन पॅनलं बसली. मोबाईल वाजला नाही. सिस्टर उठली, मुलाच्या खाटेची चादर ताणली, एकेक कोपरा पाकिटासारखा दुमडून खोचला. पुन्हा येऊन बसली.

वर भाचा शेवटचा क्लॅम्प आवळत होता तेव्हा मोबाईल वाजला.

सिस्टरनं लगेच घेतला नाही. केसांवरून हात फिरवला, पदर ओढला, कुणी दारात उभं असावं तसं. मग घेतला. थोरली तोवर जिना चढून वर गेली होती. तिथून शब्द कळत नव्हते. पण थोड्या वेळानं आवाज चढला, आणि शेजारच्या दारातली खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. स्वेटर, असं काहीतरी होतं. बिचाऱ्या शेजाऱ्याला पुन्हा तक्रार करायला जागा मिळाली.

घरी आल्यावर थोरलीनं भाच्याला आपल्याबरोबर जेवायला बसवलं. गोदामाच्या चाव्या त्याच्या खिशात वाजत होत्या आणि तिला तो आवाज ऐकायचा होता. मुलगा पलीकडच्या खोलीत लॅपटॉपवर होता. दार अर्धं उघडं, पाठ इकडं. जेवण झालं. भाचा गेला. भांडी आवरून ती बसली, तेव्हा तिच्या मोबाईलवर टिंग झालं.

मुलाचा निरोप. पलीकडच्या खोलीतून. तिनं अक्षर अक्षर लावून वाचला. *काय झालं तिथं? आजचा खर्च कुठं टाकू?*

दोन खोल्यांमध्ये एक भिंत आणि अर्धं दार. ती त्याची पाठ बघू शकत होती. गेले कित्येक महिने त्यांचं बोलणं असंच होत होतं. तो लिहायचा, ती अंगठ्याचं चित्र पाठवायची. काम अडत नव्हतं. नवऱ्याच्या चकराही अशाच बंद झाल्या होत्या, कुणाचं काही न अडता.

तिनं बटव्यातून काडी काढून टेबलावर ठेवली. मोबाईल तिच्या शेजारी ठेवला, पालथा. काच खाली, पाठ वर.

पुन्हा टिंग झालं, दबकं, टेबलाच्या लाकडात. तिनं हात लावला नाही. आणखी एकदा झालं. ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसली.

बऱ्याच वेळानं पलीकडच्या खोलीतली खुर्ची करकरली.